दाजींची स्विफ्ट, आईची पाठ आणि शॉकअपची निवड: सोलापुरातलं एक पूर्ण प्रकरण

गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल, व्हीडीआय, मीटरवर १ लाख १८ हजार. गाडी दाजींची, म्हणजे ताईच्या मिस्टरांची. जुळे सोलापुरातनं चिंचोळी एमआयडीसीला रोजचं जाणं-येणं, ४५ किलोमीटरच्या आसपास पडतं, आणि दर पौर्णिमेला आईला घेऊन तुळजापूर. आईच्या पाठीची गादी सरकलेली आहे, डॉक्टरांनी प्रवास बंद कर असं नाही सांगितलं पण धक्के टाळा म्हणाले, आणि आई तर तुळजापूर सोडणार नाही. म्हणून हा सगळा विषय आमच्या घरात नुसता गाडीचा नव्हता, मी यात एवढा का पडलो ते यावरनं कळेल.

दिवाळीनंतर आई मागच्या सीटवर घडी केलेली सोलापुरी चादर टाकून त्यावर बसायला लागली आणि स्पीडब्रेकर दिसला की आधीच वरचं हँडल धरायची. दाजी गाडी नीट चालवतात, स्पीड कमी करतात, तरी मागून धाड असा आवाज यायचा. पुढून डाव्या बाजूला हळू चालवताना कटकट. आणि हायवेला तिसरीच गोष्ट, गाडी झोके घ्यायची. दाजींनी ते फार नेमकं सांगितलं होतं, "साठला एवढं वाटत नाही, ऐंशीला पाळण्यात बसल्यागत होतंय, शंभरला परत कमी होतंय." हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, पुढं त्याच्यावर येतो, कारण सगळ्या निदानात सगळ्यात उपयोगी हेच निघालं.

पहिली दुरुस्ती आमची चुकली. एका गॅरेजवाल्यानं गाडी वर घेतली, पुढचा डावा शॉकअप तेलानं ओला दिसला, तेवढा एकच बदलला, मजुरीसकट २,९०० घेतले आणि गाडी दिली. ओला म्हणजे गेलेला हे बरोबर होतं. पण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला १ लाख १८ हजार चाललेला, म्हणजे डावं चाक खड्ड्यातनं आलं की लगेच शांत होणार आणि उजवं अजून हलत राहणार. दाजींना जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला वळल्यासारखी वाटायला लागली, आणि कटकट होती तशीच. शॉकअप एका अॅक्सलवर जोडीनंच बदलायचे असतात, पुढचे दोन्ही नाहीतर मागचे दोन्ही, हे त्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण गिऱ्हाईक खर्चाला घाबरतं म्हणून एकच बदलून देतात, आणि त्यात गिऱ्हाईकाचंच नुकसान होतं. एकच महिना वापरलेला तो नवा शॉकअप नंतर काढून ठेवावा लागला, पैसे गेले.

त्यानंतर जो तो सल्ला द्यायला लागला. दाजींच्या कंपनीतला एक पोरगा म्हणाला लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग, आणि कडक शॉकअप टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालते. अॅक्सेसरीच्या दुकानात सांगितलं की स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबराचे बफर बसवा, दोन-तीन हजारात काम होतं, वर १६ इंची अलॉय घेतले तर गाडी दिसायला पण भारी. एक जण म्हणाला जुनेच शॉकअप रिपेअर करून मिळतात, सहाशे-सातशेला एक, तेल भरून सील बदलून देतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं चारही शॉकअप आणि पुढचे माउंटिंग (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जोडणारा रबरी भाग) धरून २७ हजारांच्या वर अंदाज दिला. आणि स्पेअर पार्टच्या दुकानात गॅब्रिएल, मन्रो वगैरे मूळ मापाचेच शॉकअप होते, कंपनीच्या डब्यातल्यापेक्षा बरेच स्वस्त. दाजींचा कल कडक शॉकअपकडं होता कारण हायवेला झोके येतात म्हणजे सस्पेन्शन मऊ पडलंय, मग कडक टाकलं की झालं, असा त्यांचा हिशोब. ताईचं म्हणणं मऊ पाहिजे, आईची पाठ बघा. दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलत होते आणि दोघांनाही नेमकं काय बिघडलंय ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी म्हटलं, "दाजी, आठ-पंधरा दिवस काहीच घ्यायचं नाही, आधी बघू."

पहिलं बघितलं ते हवा. चारही चाकांत ४० निघाली. दाजींनी पंपावरच्या पोराला सांगून ठेवलेलं, जास्त भर, अॅव्हरेज चांगलं मिळतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढी केली आणि आठवडाभर गाडी तशीच चालवली, बाकी कशालाही हात लावला नाही. बारीक खडबडीतपणा, म्हणजे डांबर उखडलेल्या जागी जो चरचर धक्का सीटपर्यंत यायचा, तो निम्म्यानं कमी झाला, शून्य रुपयात. धाड, कटकट आणि झोके जसेच्या तसे. हा आठवडा मी फार महत्त्वाचा मानतो, कारण हवा न बघता शॉकअप निवडायला गेलो असतो तर त्या खडबडीचा दोष पण शॉकअपवर टाकला असता आणि चुकीच्या दिशेला गेलो असतो.

टायरचीच गोष्ट निघाली म्हणून अलॉयचं इथंच संपवतो. या गाडीला १६५/८० आर १४ टायर येतात, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची १३२ मिलिमीटर. १६ इंची रिमला चाकाचा एकूण घेर तेवढाच ठेवायचा तर १९५/५५ लागतात, त्यात ही उंची १०७ वर येते. २५ मिलिमीटर रबर आणि हवा कमी. रस्त्याचा पहिला धक्का टायरच खातो, स्प्रिंग-शॉकअपची पाळी नंतर येते. आईसाठी गाडी नरम करायची आणि त्याच गाडीची रबराची गादी कापायची, हे जमणारच नव्हतं, तो विषय तिथंच बंद.

आता झोक्यांचं. स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामं वेगळी आहेत आणि निम्मा गोंधळ इथंच होतो. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगला आवरतो. स्प्रिंग दाबून सोडली की ती वर-खाली करत राहणार, शॉकअपच्या आत पिस्टन तेलातनं फिरतो, तेल बारीक भोकातनं आणि व्हॉल्व्हमधनं जबरदस्तीनं जातं, त्या घासण्यात हलण्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. म्हणून खराब रस्त्यावरनं आल्यावर चालू शॉकअप हाताला कोमट लागतो आणि गेलेला त्यामानानं गार, कारण त्यानं काही कामच केलेलं नसतं. ही परीक्षा आम्ही केली, पण सकाळी सहाला, आपल्याकडं दहानंतर उन्हात उभी असलेली गाडी सगळीच तापते मग हाताला काय कळणार. पुढचा नवा कोमट, पुढचा जुना थोडासा, मागचे दोन्ही जवळजवळ गार. म्हणजे ओला दिसत होता पुढचा, पण खरे मेलेले होते मागचे, आणि ते बाहेरून कोरडे होते! तेल गळालं तरच शॉकअप गेला असं नसतं, आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन झिजले, गॅस निघून गेला, तर बाहेर एक थेंब न दिसताही तो रिकामा झालेला असतो.

साधारण अशा गाडीची बॉडी तिच्या स्प्रिंगवर सेकंदाला सव्वा ते दीड वेळा हलायला बघते, तिचा स्वतःचा ठेका म्हणा. आपल्या भागात काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, त्यावरचा रस्ता हळूहळू लाटेसारखा होतो, वर ऊसाच्या ट्रॉल्या आणि ट्रकची वाहतूक. खड्डा दिसत नाही, डांबर गुळगुळीत असतं, पण लांब लांब लाटा असतात. समजा लाट १५ मीटरची. ऐंशीच्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला साधारण दीड लाट, बरोब्बर गाडीच्या ठेक्यावर. साठला सेकंदाला एकाच्या जरा वर, शंभरला पावणेदोनच्या वर, ठेका चुकतो. झोपाळ्याला बरोबर वेळेला धक्का दिला की तो वाढत जातो, तेच. शॉकअप चांगले असते तर हा ठेका त्यांनी पहिल्याच लाटेला मोडला असता. दाजींच्या त्या एका वाक्यात स्प्रिंग मऊ पडल्याचं नव्हे तर आवरणारा कोणी नाही याचं निदान होतं. ही गोष्ट त्यांना कागदावर मांडून दाखवली तेव्हा कडक स्प्रिंगचा हट्ट त्यांनी स्वतःहून सोडला.

तरी स्प्रिंग खरंच बसल्या नाहीत ना हे मोजून बघणं भाग होतं. दाजींच्या कलीगकडं हेच मॉडेल आहे, तेही डिझेल, ४० हजार चाललेलं. (डिझेलच बघायचं, पेट्रोल स्विफ्ट साधारण शंभर किलोनं हलकी असते, पुढची उंची तुलनेला चालणार नाही.) दोन्ही गाड्या कंपनीच्या पार्किंगमध्ये सपाट काँक्रीटवर उभ्या केल्या, हवा सारखी, डिकी रिकामी, आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं चारही बाजूंना माप घेतलं. फरक कुठंच ५ मिलिमीटरच्या वर नाही. स्प्रिंग तुटलेली नाही, बसलेली नाही. स्प्रिंग बदलायच्या नाहीत हे ठरलं, मोठा खर्च वाचला. सगळी स्प्रिंग-शॉकअप एकत्र बदला असं सांगणारे भेटतात, पण माप न घेता सांगणाऱ्याचं ऐकू नका.

स्पीडब्रेकरवरचं चित्रण भाच्यानं केलं. कॉलनीतल्या त्याच एका स्पीडब्रेकरवरनं १५ च्या स्पीडला गाडी तीनदा नेली, मागं तिघं बसलेले, भाचा खाली बसून मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये मागचं चाक टिपतोय. ब्रेकर उतरल्यावर गाडीची मागची बाजू खाली-वर, खाली-वर, परत खाली, असं अडीच वेळा हलत होती आणि पहिल्यांदा खाली जाताना थेट टेकत होती, तीच धाड. बॉनेट हातानं दाबून सोडायची परीक्षा सगळे करतात, ती आम्ही पण केली होती, त्यात गाडी पास झाली होती! हातानं दाबल्यावर चाकाची हालचाल एवढीशी आणि हळू असते, अर्धा मेलेला शॉकअपही तेवढं आवरतो. व्हिडिओ खोटं बोलत नाही. स्पीडब्रेकरचं म्हणाल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोलाकार ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, ताशी २५ च्या स्पीडनं आरामात ओलांडता येईल असा. आपल्या गल्लीबोळात जे ढिगारे घातलेत ते हातभर रुंद असतात, मग १५ ला पण धक्का बसतो. त्याला गाडी काय करणार, पण गाडी निवडताना आणि शॉकअप निवडताना आपल्याला हाच रस्ता धरून चालायला पाहिजे.

मग गाडी वर घेतली. यावेळी ज्या मिस्त्रीकडं गेलो त्यांना सगळे अण्णा म्हणतात, साधं पत्र्याचं शेड आहे पण माणूस ऐकून घेणारा. टॉर्च मारून बघितलं तर मागचे बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन शेवटपर्यंत दबलं की लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून जो फोमसारखा ठोकळा असतो, त्यांचा अक्षरशः भुगा झालेला. बोट लावलं की पिवळा चुरा पडायचा. धाडचं अर्धं कारण हे, काही शेकड्यांचा पार्ट. पुढं दोन्ही लोअर आर्मच्या (चाक खालून बॉडीला जोडणाऱ्या दांड्यांच्या) मागच्या बुशला, म्हणजे सांध्यातल्या रबराला, चिरा, डावा लिंक रॉड (सस्पेन्शनमधली जोडदांडी) हातानं हलवला की कटकट, तोच आवाज. आणि स्टिअरिंग जागेवर फिरवताना वरच्या माउंटिंगवर हात ठेवला तर आत टकटक जाणवत होतं, म्हणजे स्ट्रटचं (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या जोडीचं) बेअरिंग संपलेलं. पहिल्या गॅरेजवाल्यानं नवा शॉकअप या जुन्या माउंटिंगवरच चढवला होता.

इथं माझं मत पक्कं झालं आणि ते आजही तेच आहे. रोजच्या गाडीत झिजतं ते रबर, आणि आपण पैसे घालतो लोखंडावर. महागातला महाग शॉकअप आणला आणि तो फाटक्या बुशवर, संपलेल्या माउंटिंगवर बसवला तर तो काय करणार, चाक आधी बुशमध्येच हलून घेणार, आवाज येणार, आणि आपण म्हणणार शॉकअप बेकार निघाला. उलट साधे मूळ मापाचे शॉकअप आणि सगळं रबर नवं, ही गाडी नव्यासारखी चालते. आमच्याकडं १८-२० हजारांचं बजेट होतं. त्यात भारी शॉकअप आणि जुनं रबर बसत होतं, नाहीतर साधे शॉकअप आणि सगळं रबर बसत होतं. दोन्ही बसत नव्हतं. आम्ही दुसरं घेतलं.

बाकीचे पर्याय का सोडले तेही लिहितो, कारण कोणाला तरी हेच सल्ले मिळत असतील. कडक शॉकअपचं असं की हायवेच्या लाटांवर सस्पेन्शन हळू हलतं, तिथं कडक शॉकअप खरंच चांगला वाटतो, गाडी बसून चालते. पण उखडलेल्या डांबराच्या कडेवर, पुलाच्या जॉइंटवर चाकाला एका झटक्यात वर जावं लागतं, तिथं कडक शॉकअप तेलाला वाट देत नाही आणि तो झटका सरळ बॉडीत, तिथनं आईच्या पाठीत. दाजींचा निम्मा रस्ता हायवे आहे हे खरं, पण आई जिथं बसते तो सगळा रस्ता गावातला आणि देवाचा. लोअरिंग स्प्रिंग तर या गाडीला नकोच, १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, त्यातले ३० काढले की चाक वर जायला तेवढी जागा कमी, पाच जण बसल्यावर दर ब्रेकरला बंप स्टॉप. कॉइलओव्हरचं, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या सेटचं, नुसतं विचारलं, किंमत आमच्या सगळ्या बजेटच्या कितीतरी पट, तो विचार दोन मिनिटांत संपला.

रबराचे बफर लोकांना लई आवडतात कारण लगेच फरक दिसतो, गाडी मागून उचलल्यासारखी होते, टेकत नाही. पण वेटोळ्यात ठोकळा अडकवला की स्प्रिंगचं ते वेटोळं काम करायचं थांबतं, बाकीच्यांवर ताण येतो आणि स्प्रिंग कडक होते. कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअप जास्त ताकदीचा लागतो आणि इथं तर शॉकअपच मेलेला. म्हणजे टेकणं थांबेल पण उसळी वाढेल. रिपेअर केलेल्या शॉकअपबद्दल एवढंच, की पुढचा स्ट्रट हा नुसता शॉकअप नसतो, चाक सरळ उभं धरायचं आणि स्टिअरिंगबरोबर वळायचं काम पण त्याचंच आहे, कापून वेल्डिंग केलेली नळी तिथं मी माझ्या घरच्या गाडीत बसू देणार नाही.

दुकानात एक प्रश्न हमखास येतो, गॅसचा देऊ का ऑइलचा. गॅसचा म्हणजे आत तेल नसतं असं लोकांना वाटतं. तेल दोन्हीत असतंच, काम तेलच करतं. गॅसवाल्यात नायट्रोजन दाबानं भरलेला असतो, खराब रस्त्यावर पिस्टन भराभर फिरला की तेलात फेस होतो आणि फेस झालेलं तेल पिस्टनला अडवत नाही, तो फेस होऊ नये म्हणून तो दाब. आजच्या बऱ्याच गाड्यांना मुळातच गॅस भरलेले येतात. ओळखायचं सोपं, नवा शॉकअप दाबून सोडला की दांडा आपोआप वर येतो. आपल्याला बघायचं काय तर मूळ जो प्रकार होता तोच, आणि पार्ट नंबर चेसिस नंबरवरनं जुळवलेला. स्विफ्टचा द्या म्हटलं की काउंटरवरचा पोरगा पेट्रोलचा पण देईल. आम्ही गॅब्रिएलचे घेतले, ही जुनी भारतीय कंपनी आहे, १९६१ पासूनची, आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना पण शॉकअप पुरवते. मन्रोचे असते तरी मी नको म्हटलं नसतं, त्या दिवशी चारही एकाच कंपनीचे, सीलबंद डब्यात यांचे होते एवढंच. चारही एकाच ठिकाणचे घ्यावेत, म्हणजे पुढच्या-मागच्याचा मेळ बसतो. महिनाभर वापरलेला तो डावा दुसऱ्या कंपनीचा होता, तो काढलाच.

बसवायचा दिवस रविवार, सकाळी आठला सुरुवात. अण्णांचं काम बघत मी तिथंच बसलो, त्यांना त्याचा राग नाही आला हे विशेष. नवे शॉकअप बसवायच्या आधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घेतले, डब्यात आडवे पडून आत हवा इकडची तिकडं झालेली असते ती जागेवर येते. स्प्रिंग दाबायला नीट कॉम्प्रेसर वापरला, दोन बाजूंनी सारखा आवळत. हे काम घरी कोणी करू नये, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागचा उठणार नाही. दांड्याच्या टोकाचा नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून पोरानं पक्कड आणली, अण्णाच ओरडले त्याच्यावर. त्या चकचकीत दांड्यावर पक्कडीचा एक ओरखडा जरी पडला तरी तो दर वेळी सील कापत जातो आणि आपल्याकडची धूळ बाकीचं काम करते. वर ॲलन की घालून दांडा धरला आणि नट पान्यानं आवळला.

एका जागी मात्र आमची चर्चा झाली. लोअर आर्मचे बोल्ट अण्णा गाडी जॅकवर असतानाच फायनल आवळायला निघाले. मी म्हटलं, "अण्णा, चाक खाली लोंबतंय, आता आवळलं तर बुशचं रबर याच पोझिशनला पकडलं जाईल. गाडी खाली टेकली की आर्म वर जाणार आणि रबर कायमचं पिळलेलं राहणार." अण्णा म्हणाले, "एवढी वर्षं असंच आवळतोय की ओ मी." मी म्हटलं, "आणि बुश किती दिवस टिकतात?" ते थोडं थांबले, बुश हातात घेऊन फिरवून बघितला, आतली नळी आणि बाहेरची नळी यांच्यात रबर चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं, हे हातात आलं की डोळ्यांना दिसतं. मग त्यांनी बोल्ट नुसते लावून ठेवले, चाकं चढवली, गाडी दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर जमिनीला असते तशी टेकवली आणि मग खाली सरपटत जाऊन आवळले. दुपारी चहाला स्वतःच म्हणाले, "उद्यापासनं सगळ्या गाड्या अशाच करतो." मला त्या माणसाबद्दल तेव्हा खरंच आदर वाटला.

मागचं काम पटकन झालं. या गाडीला मागं टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळं कॉम्प्रेसर लागत नाही.

बिल असं झालं. पुढचे शॉकअप जोडी ४,९००, मागचे जोडी २,५००, वरची माउंटिंग बेअरिंगसकट १,७००, पुढचे बंप स्टॉप आणि धूळ अडवायचे बूट ६००, मागचे बंप स्टॉप ४००, लोअर आर्म जोडी ३,१००, लिंक रॉड जोडी १,०००, मजुरी ३,०००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ७००. सगळे मिळून १७,९००. आम्हाला मिळालेले भाव आहेत, दुकानागणिक बदलतील. यात शॉकअप ७,४०० चे आणि रबर, बेअरिंग, आर्म, रॉड धरून बाकीचे पार्ट ६,८०० चे, म्हणजे जवळजवळ बरोबरीला, आणि माझ्या मते ते तसंच पाहिजे. अलाइनमेंट त्याच दिवशी केलं आणि ५०० किलोमीटरनंतर परत दाखवलं, थोडासा फरक निघाला तो काढला.

भाच्यानं परत तोच ब्रेकर, तोच स्पीड, तिघं मागं, व्हिडिओ काढला. गाडी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली. धाड नाही, कटकट नाही. ऐंशीचे झोके गेले. दाजींनी सोमवारी कंपनीत पोचल्या पोचल्या फोन केला, "अरे गाडी शांत झालीय!" एवढंच बोलले.

जे राहिलं तेही सांगतो. पहिले काही दिवस बारीक कडांवर गाडी आधीपेक्षा जरा घट्ट वाटली, ताईनं लगेच विचारलं चुकीचे तर नाही ना घेतले. तेवढी घट्ट ती मुळात नवीन असताना पण होती, मधल्या काळात मेलेल्या शॉकअपची आपल्याला सवय झालेली असते. आणि टायरचा घूं आवाज तसाच राहिला. मागचे टायर हात फिरवला की लाटालाटांनी झिजलेले लागतात, शॉकअप मेल्यावर चाक रस्त्यावर नाचत चालतं आणि जागोजागी रबर खातं, ते आता शॉकअप बदलून भरून येणार नाही. ते दोन टायर या उन्हाळ्याआधी बदलायचेत.

पौर्णिमेला तुळजापूरला आम्ही सगळेच गेलो, मी मुद्दाम आईशेजारी मागं बसलो. जाताना दोन ब्रेकरला तिनं हँडल धरलं, सवयीनं. येताना धरलं नाही. पाठ दुखली नाही असं ती म्हणाली नाही, दुखली, पण घरी येऊन पडावं लागलं नाही, स्वयंपाकघरात बसून भाकऱ्या थापल्या. सीटवरची घडी केलेली चादर दाजींनी काढली, आता ती डिकीत असते, गाडीखाली पाठीवर झोपून बुश बघायला.